याला तिथं बघणार कोण?

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने आमच्या स्टाफरूमचं दार उघडंच असतं. कोपरखैरण्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मी 22 वर्षं वाणिज्य शाखेला शिकवते आहे. आई येतात, वडील येतात, कधी मामा नाहीतर काका येतात, आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतात, "मॅडम, याला आता कुठं घालू?" मुलगा किंवा मुलगी शेजारी उभी असते, पण बोलत नाही. आपण मुलांना शाळेत घालतो, क्लासला घालतो आणि कॉलेजातही घालतो. अठरा वर्षांच्या माणसालाही तेच क्रियापद. त्याला स्वतःला कुठं जायचंय, हे विचारायचं राहूनच जातं.

गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ आले. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार, गाव पाटण तालुक्यात. टोळीतलं सकाळचं काम आटोपून थेट आले होते. शर्टाच्या खांद्यावर गोणीची धूळ तशीच होती. पिशवीतून त्यांनी आधी मुलाची गुणपत्रिका काढली, 71 टक्के. मग एका मोठ्या खासगी विद्यापीठाचं माहितीपुस्तक काढलं. जाड, गुळगुळीत कागद. काचेची इमारत, निळाशार पोहण्याचा तलाव, हिरवळीवर लॅपटॉप घेऊन बसलेली हसरी मुलं. भेगाळलेल्या अंगठ्यानं ते एकेक पान जपून उलटत होते, कागदाला डाग लागू नये म्हणून. शेवटचं पान झाल्यावर पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "सगळं हाय मॅडम. येवढी मोठी युनिव्हर्सिटी हाय. पर याला तिथं बघणार कोन?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. फी, अंतर, प्लेसमेंट असलं काहीबाही बोलले. पण तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. माहितीपुस्तकात त्याचं उत्तर नसतं, कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या 'नॅक'च्या श्रेणीतून ते कळत नाही, आणि सरकारच्या शिक्षण धोरणातही मला ते सापडलं नाही.

माझं मत आधीच सांगते. ज्या मुलाला विचारायची सवय आहे, त्याला मोठं विद्यापीठ भरभरून देतं. ज्याला ती सवय लागलेली नाही, तो त्याच आवारात हजारोंच्या गर्दीत एकटा पडतो. विचारायची ही सवय टक्क्यांवरून कळत नाही, कारण ती बहुतेक वेळा घरातून आलेली असते. मोठ्या विद्यापीठात कोण टिकतं आणि कोण गळतं, हा हुशारीइतकाच घरच्या परिस्थितीचा प्रश्न आहे, आणि आपण त्याकडे तसं बघत नाही.

आता 'मोठं' म्हणजे काय, तेही बघायला हवं. ठाण्या-नवी मुंबईतली बहुतेक मुलं मोठ्याच विद्यापीठात शिकतात, पण त्यांना ते जाणवत नाही. मुंबई विद्यापीठ 1857 सालचं. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं त्या वर्षी लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठानं. 1862 साली या विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले ते चौघे. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. आज मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली 800हून अधिक कॉलेजं त्याला संलग्न आहेत. चौघांचं विद्यापीठ लाखोंचं झालं आणि घडण मात्र तीच राहिली. गुणपत्रिकेवर शिक्का विद्यापीठाचा, बाक ठाण्यातल्या नाहीतर वाशीतल्या कॉलेजचा. कालिन्याचं आवार आणि फोर्टचा राजाबाई टॉवर आमची कितीतरी मुलं पदवी हातात पडेपर्यंत बघतही नाहीत.

या घडणीचा एक फायदा झाला, तो आपण विसरतो. विद्यापीठ कितीही फुगलं तरी मुलाचा रोजचा संबंध यायचा तो एका इमारतीशी, एका ऑफिसशी, पाच-सहा शिक्षकांशी. मोठेपणाचा चटका बसायचा तो परीक्षेच्या वेळी. 2017 साली सगळ्या उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, तेव्हा तो सगळ्यांना एकदमच बसला. अखेर ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. लाखो उत्तरपत्रिकांच्या कारभारात एकेकट्या मुलाचं काय होतं, ते त्या उन्हाळ्यात दिसलं.

आता चित्र बदलतं आहे. नेरूळपासून पनवेलच्या पुढेपर्यंत एकाच आवारात सगळ्या शाखा असलेली अभिमत आणि खासगी विद्यापीठं उभी राहिली आहेत. जून 2025 मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली आणि विमानतळाजवळ सिडकोच्या एज्युसिटीची, म्हणजे परदेशी विद्यापीठांसाठीच्या शिक्षणनगरीची, चर्चा घरोघर सुरू झाली. गाळ्यातल्या झेरॉक्सवाल्यानंही मला परवा विचारलं, "मॅडम, आता पोरांना ऑस्ट्रेलियाला जायला नको ना?" आनंदानं विचारलं त्यानं. मलाही आनंदच आहे. पण आमच्या वर्गातलं कोणतं मूल तिथं टिकेल, याचा विचार आत्ताच करायला हवा.

विचारता येणं म्हणजे काय, ते एका साध्या गोष्टीतून सांगते. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज. तिथं भरायचा, उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला चढवायचा, बँक खातं आधारला जोडलेलं असायला हवं, आणि काही चुकलं तर अर्ज परत येतो. तो परत आलाय हे मुलाला कळायला त्यानं पुन्हा लॉगिन करून बघावं लागतं. नौपाड्यातल्या बँक अधिकाऱ्याच्या मुलाला यात काही अडचण आलीच तर तो ऑफिसात जाऊन विचारतो. तिथं उत्तर मिळालं नाही तर प्राचार्यांना ईमेल करतो. उत्तर मिळणं हा आपला हक्क आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. घरी त्यानं आईला गॅस एजन्सीशी फोनवर भांडताना ऐकलेलं असतं. आमच्या वर्गातली मुलगी खिडकीपाशी जाते. खिडकीतला माणूस वर न बघता म्हणतो, "नंतर ये." ती नंतर येत नाही. तिला वाटतं, चूक आपलीच असणार. वर्षाअखेर शिष्यवृत्ती बुडते, आणि घरी सांगितलं जातं की 'यंदा आली नाही'.

छोट्या कॉलेजात हेच कसं घडतं, तेही मी बघितलं आहे. आमच्याकडचे एक क्लार्क मुदत संपायच्या आठवड्यात रोज यादी घेऊन वर्गावर येतात. नाव वाचून उभं करतात. "तुझा अर्ज का परत आला? दाखला जुना जोडलास. उद्या नवा घेऊन ये, मी भरून देतो." हे त्यांचं काम नाही. त्यांच्या सेवापुस्तकात याची नोंद होत नाही. पण आमच्या मुलांची शिष्यवृत्ती सहसा बुडत नाही ती या एका माणसामुळे.

मी स्वतः मुरबाडकडच्या खेड्यातून आले. बारावीला तालुक्यात पहिली आले म्हणून सगळ्यांनी मुंबईतल्या मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजात जायचा आग्रह धरला. पहिलं वर्षभर मी वर्गात एक शब्द बोलले नाही. व्याख्यान इंग्रजीत, शेजारच्या मुली इंग्रजीत हसायच्या. परीक्षेचा फॉर्म भरायची नोटीस तिसऱ्या मजल्यावरच्या फळ्यावर लागली होती, आणि तो फळा माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी विचारलं, "तुझा फॉर्म भरला का गं?" फॉर्म असतो हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून रांगेत उभं केलं, कमी पडले ते पैसे स्वतःच्या खिशातून दिले. त्यांनी विचारलं नसतं तर माझं वर्ष गेलं असतं, आणि त्या काळी आमच्या घरात मुलीचं वर्ष जाणं म्हणजे शिक्षण संपणं होतं. हजारो मुलांच्या त्या कॉलेजात मला बघणारा एक माणूस निघाला, तो योगायोगानं. दुसऱ्याच्या मुलाचं भवितव्य योगायोगावर सोडायला मी तयार नाही.

यावर कुणी म्हणेल, आता मेंटॉर असतात की. असतात. नॅकच्या मूल्यमापनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे विचारलं जातं, आणि त्यामुळे प्रत्येक कॉलेजात तशी वही असते. मी ती वही जवळून बघितली आहे. समिती यायच्या आठवड्यात एका दुपारी तीन प्राध्यापक बसून दोन वर्षांच्या भेटी लिहून काढतात: 'विद्यार्थ्याशी चर्चा केली, अभ्यासाबाबत मार्गदर्शन केले.' पेन बदलून, शाई बदलून. त्या प्राध्यापकांना मी दोष देत नाही. त्यांतले दोघे सीएचबीवर होते, म्हणजे तासिका तत्त्वावर. सकाळी ऐरोलीत दोन तास, दुपारी उल्हासनगरात तीन, मधला वेळ ठाणे स्टेशनच्या फलाटावर. तासाचे पैसे मिळतात, ओळखीचे मिळत नाहीत. कायम शिक्षकांची भरती वर्षानुवर्षं अडली आणि त्यांच्या जागी अशी धावणारी माणसं आली. ती मनापासून शिकवतात, पण व्याख्यान संपल्यावर दाराशी घुटमळणाऱ्या मुलाला थांबून विचारायला त्यांच्याकडे दहा मिनिटं नसतात. गाडी चुकेल.

म्हणून लहान कॉलेज म्हणजे आपोआप मायेची जागा, असंही मी म्हणणार नाही. बी.कॉम.च्या एका तुकडीत 120 मुलं असतात, कॉलेज गल्लीतलं असलं तरी. कायम शिक्षक नसतील तर तिथंही कुणी कुणाला ओळखत नाही, आणि वर ग्रंथालयही दोन कपाटांचं.

लहान जागेचा दुसरा त्रास मुलींना जास्त होतो. घणसोली गावठाणातली माझी एक विद्यार्थिनी होती. घराजवळच्या कॉलेजात पदवी केली. कँटीनमध्ये कुणाशी बोलली, कोणत्या रिक्षातून उतरली, सगळं ती घरी पोचायच्या आधी घरी पोचायचं. शिक्षक चांगले होते, तिला नावानं ओळखायचे. पण तिच्या चुलत्यालाही नावानं ओळखायचे. तिला भाषांचं वेड. आगरी बोलीतले शब्द एका वहीत उतरवून ठेवायची, कोण कसा उच्चार करतं तेही. भाषाशास्त्र नावाचा विषय असतो हे तिला कळलं, तेव्हा ती एम.ए.ला कालिन्याला गेली. ती मला म्हणाली होती, "मॅडम, तिथं मला कुणीच ओळखत नाही. पहिल्यांदाच बरं वाटतंय." वाशीहून हार्बरनं कुर्ला, कुर्ल्याहून बस, तिथून चालत. रोज येऊन-जाऊन साडेतीन तास. पण तिथल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात बसून तिनं जे वाचलं, ते आमच्या पंचक्रोशीतल्या एकाही कॉलेजात तिला मिळालं नसतं. विषयांची अशी श्रीमंती मोठ्या विद्यापीठालाच परवडते. दहा विद्यार्थ्यांसाठी एखाद्या भाषेचा विभाग चालवणं लहान कॉलेजला शक्य नाही.

पण ती कालिन्याला गेली ती एकवीसाव्या वर्षी, विषय ठरवून. तोपर्यंत तीन वर्षं कुणीतरी तिला नावानं हाक मारून प्रश्न विचारले होते, उत्तर चुकलं तरी पुन्हा विचारले होते. अनोळखी गर्दीत मोकळं वाटायला आधी स्वतःचा आवाज सापडलेला असावा लागतो. अठराव्या वर्षी, मराठी माध्यमातून, घरातलं पहिलंच मूल म्हणून तिथं गेली असती तर काय झालं असतं, ते मी सांगू शकते. मी गेले होते.

आता धोरणाकडे येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की संलग्न कॉलेजांची पद्धत 15 वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची. कॉलेजांनी स्वायत्त व्हावं, स्वतः पदवी द्यावी, नाहीतर विद्यापीठाचाच भाग व्हावं. आणि 2040 पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षण संस्था बहुशाखीय व्हावी, तिथं 3,000 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत. यातली अर्धी गोष्ट मला पटते. 800 कॉलेजांची परीक्षा एका खिडकीतून चालवणं कुणालाच झेपणारं नाही, 2017 नं ते दाखवलं. ठाण्यातली काही जुनी कॉलेजं स्वायत्त झाली आहेत आणि आपला अभ्यासक्रम आपण आखत आहेत, हेही चांगलं.

3,000 हा आकडा मात्र मला खुपतो. तो कमीतकमी मर्यादा म्हणून लिहिलेला आहे. जास्तीतजास्त किती, ते कुठंच लिहिलेलं नाही. विज्ञानाच्या मुलाला संगीत शिकता यावं, वाणिज्यच्या मुलीला तत्त्वज्ञान घेता यावं, यासाठी संस्था मोठी हवी, हे मान्य. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला ओळखणारा एक कायम शिक्षक किती मुलांमागे असेल, त्याचा तसाच ठसठशीत आकडा धोरणात का नाही? ऑक्सफर्डसारखं जुनं, प्रचंड विद्यापीठसुद्धा विद्यार्थ्याला आधी एका लहान कॉलेजचा करून घेतं आणि दोन-तीन मुलांसमोर दर आठवड्याला एक शिक्षक बसवतं. आपल्याकडे नमुना लंडनचा आला, आणि शिकवण्याचा भार कॉलेजांवर पडला. आता ती कॉलेजंच मोठी करायची असतील तर त्यांच्या पोटात लहान घरं बांधावी लागतील: 40-50 मुलांचा गट, त्याचा एक कायम शिक्षक, तीन वर्षं तोच, आणि आठवड्यातला एक तास वेळापत्रकात छापलेला. यासाठी परदेशी भागीदार लागत नाही. शिक्षक भरती लागते. ती सरकारनं करायची आहे आणि तिच्याबद्दल पालकांनी आमदाराला विचारायचं आहे, जसं आपण पाण्याबद्दल विचारतो.

तोवर घरात निर्णय घ्यावे लागतातच. मी पालकांना आता वेगळं सांगते. माहिती देण्याच्या खास दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळे हसतात. सप्टेंबरातल्या एखाद्या पावसाळी मंगळवारी जायला मिळालं असतं तर बरं, पण प्रवेश तर जूनमध्येच घ्यायचे असतात. मग निदान कामाच्या दिवशी जा आणि ऑफिसच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहा. मुलांशी कसं बोलतात ते ऐका. दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलाला गाठा आणि विचारा, तुझं नाव माहीत असलेले शिक्षक किती? फीचं नीट बघा. राज्यानं 2024-25पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. 'मुलींना सगळं फुकट झालंय' असं समजून प्रवेश घेतलेले पालक मी रडताना बघितले आहेत. आणि प्रवासाचे तास मोजा. लोकलमध्ये लोंबकळून आलेलं मूल शेवटच्या तासाला दाराशी घुटमळून शंका विचारत नाही. ते आधी 4 वाजून 52 मिनिटांची गाडी बघतं.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मुलाकडे बघा. दुकानात चुकीचे सुटे पैसे मिळाले तर ते परत मागतं का? अनोळखी माणसाला पत्ता विचारतं का? विचारत असेल तर मोठ्या ठिकाणी खुशाल पाठवा, त्याचं सोनं होईल. विचारत नसेल, तर मूल कमी हुशार आहे असं नाही. त्याला आणखी दोन-तीन वर्षं नावानं हाक मारणारं कुणीतरी हवंय, एवढंच.

हे सगळं मी त्या माथाडी गृहस्थांना पुढच्या भेटीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी वाशीतल्या एका जुन्या कॉलेजचं नाव सुचवलं. मग मी मुलाकडे वळले आणि पहिल्यांदाच त्याला थेट विचारलं, "तुला कुठं जायचंय?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला मोठ्याच ठिकाणी जायचंय, मॅडम. इथं सगळे मला हमालाचा पोरगा म्हणून ओळखतात." वडिलांनी मान खिडकीकडे वळवली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते शोधायचा प्रयत्नही केला नाही.

पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी त्याला त्या मोठ्या विद्यापीठात पाठवलं. जायच्या आधी मी त्याला एक काम दिलं. पहिल्या सहा महिन्यांत तिथली तीन माणसं नावानं ओळखीची करायची, आणि त्यांनाही तुझं नाव ठाऊक असायला हवं. एक ऑफिसातलं, एक ग्रंथालयातलं, एक शिकवणारं. दर रविवारी संध्याकाळी तो मला फोन करतो. ऑफिसातल्या बाईंचं नाव त्यानं ऑगस्टमध्येच सांगितलं. ग्रंथालयातल्या सरांचं दिवाळीच्या आधी. शिकवणाऱ्यांपैकी अजून कुणाचं नाव त्यानं घेतलेलं नाही. दर रविवारी मी विचारते, आणि तो म्हणतो, "या आठवड्यात बोलतो, मॅडम."